शत्रूची तहान

आमच्या आनंदनगरात नळाला पाणी येते ते एक दिवसाआड, आणि तेही पहाटे चारच्या सुमारास. पिंप भरेपर्यंत माणसाला दुसरे करण्यासारखे काही नसते. साहजिकच इथली पुष्कळशी चर्चा त्या वेळी जिन्यात, बादलीवर एक डोळा ठेवून चालते. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले इथपासून ते अमेरिकेने काय करावे इथपर्यंत सारे विषय त्या अर्ध्या तासात निकालात निघतात. अंबरनाथच्या कारखान्यांच्या अंगाला वसलेली ही वस्ती; कोणी पाळीवरून आलेला, कोणी पाळीवर निघालेला. पाणी सर्वांना एकाच वेळी जागे करते.

२४ एप्रिल २०२५ ची पहाट मला चांगली आठवते. दोन दिवसांपूर्वी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसांना धर्म विचारून गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यांतले तिघे आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. अंबरनाथहून गाडीत बसले की मधली चार स्टेशने सोडून डोंबिवली येते. आमच्या जिन्यातले निम्मे लोक रोज त्याच गाडीने जातात. आदल्या संध्याकाळी आमच्यातले दोघेतिघे त्या अंत्ययात्रेला जाऊन आले होते. त्यांचे डोळे अजून तांबडे होते. आणि त्याच रात्री दिल्लीहून बातमी आली होती की, भारताने सिंधु पाणीवाटप करार स्थगित केला.

"आता बसतील तहानेने तडफडत," कोणीतरी म्हणाले.

बादल्यांच्या आवाजातही ते वाक्य सर्वांना ऐकू गेले आणि सर्वांना बरे वाटले. मलाही वाटले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी मला फार सोवळा समजू नये.

त्या घोळक्यात आमचे शेजारी दादा होते. त्यांचे वय त्र्याऐंशीच्या घरात. सहा वर्षांचे असताना कराचीहून आगबोटीने मुंबईला आले आणि मग कल्याणच्या छावणीत. ते मूळचे सक्करचे. फाळणीत पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचेही झाले. निदान अर्धा मुलूख तरी अलीकडे राहिला. सिंध मात्र सबंध पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला आपल्या प्रांताचा मूठभर तुकडाही इकडे मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात फौजांसाठी बांधलेल्या पाच छावण्यांतून सुमारे लाखभर माणसे कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या जागी नव्या गावाची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळाले. एका नदीची माणसे दुसऱ्या नदीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. (उल्हासनगर काय नि आनंदनगर काय, आमच्या भागात नावे ठेवणाऱ्यांनी हात आखडला नाही. आनंद मागाहून, सवडीने यायचा होता.)

दादांना त्या देशाविषयी माया असेल असे मानू नका. घर, दुकान, गोठा, सगळे टाकून त्यांचे वडील निघाले ते परत कधी हसले नाहीत, असे ते सांगतात. त्या पहाटे त्यांनी आपली घागर भरली, नळ पुढच्या माणसाला दिला आणि मला म्हणाले, "मास्टर, बरोबर केलं सरकारने. मला त्यांची दया नाही. पण तू भूगोल शिकवतोस, तर सांग. वरून पाणी कमी झालं, तर आधी कोणाचं बंद होतं? वरच्याचं का टोकाच्याचं?"

"टोकाच्याचं."

"मग टोकाला कोण आहे?"

मी गप्प राहिलो. टोकाला सिंध आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे नाही. एका लहानशा खाजगी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. परंतु त्या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तके उघडायला लावली. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय वाचकांपुढे ठेवू नये असे एकदा वाटले होते. मग वाटले, आपल्या घरी अभ्यंगस्नानाला ऊन पाण्याचा घंगाळ भरलेला असतो त्याच वेळी याचा विचार होऊ शकतो. वैशाखात टँकरमागे धावताना होत नाही.

तर करार असा. फाळणीची रेघ नद्यांच्या आणि कालव्यांच्या अंगावरून आडवी गेली. पाणी अडवून सोडण्याच्या जागा इकडे राहिल्या आणि त्यांवर पिकणारी शेते तिकडे गेली. तात्पुरत्या व्यवस्थेची मुदत संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने काही कालव्यांचे पाणी थांबवले. ऐन पेरणीच्या तोंडावर लाहोरकडची शिवारे कोरडी पडली. मे महिन्यात दिल्लीला समझोता झाला. पण पाकिस्तानच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच. पुढे जागतिक बँक मध्ये पडली, आठ-नऊ वर्षे घासाघीस झाली आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू व अयूबखान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताला; सिंधु, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या पाकिस्तानला. पाण्याचा हिशेब केला तर पाचांतले चार वाटे तिकडे गेले. शिवाय पलीकडे नवे कालवे बांधण्यासाठी आपण सहा कोटी वीस लाख पौंड दिले ते वेगळेच. पश्चिमेकडच्या नद्यांवर आपल्याला वाहत्या पाण्यावर वीज करता येईल, थोडीबहुत शेती भिजवता येईल. मोठा साठा मात्र करता येणार नाही, अशी बांधणी. लोकसभेत त्यावर कडक टीका झाली. अशोक मेहता बोलले, खुद्द काँग्रेसचे सभासदही बोलले. नेहरूंचा हात सैल पडला असे तेव्हा म्हणणारे होते, आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही.

तरी १९६५ आले नि गेले, १९७१ आले नि गेले, कारगिल झाले, करार टिकला. दोन्ही बाजूंचे इंजिनिअर एकमेकांना नद्यांचे आकडे पाठवत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये तो प्रथमच स्थगित झाला.

जूनमध्ये शाळा उघडली. नकाशा भिंतीवर टांगून मी उत्तरेकडच्या नद्या शिकवत होतो. आठवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे युद्धाविषयी त्याची माहिती माझ्याहून ताजी असते. तो म्हणाला, "सर, पाणी खरंच बंद केलं का? मग ते आता जातं कुठे?"

भूगोलाचा याहून चांगला प्रश्न मला पंधरा वर्षांत कोणी विचारला नाही. पाणी म्हणजे काही तिजोरीतले दागिने नव्हेत, की कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली. चिनाबवर आपली सलाल आणि बगलिहार ही धरणे आहेत, झेलमच्या उपनदीवर किशनगंगा आहे. पण ही वीज करणारी धरणे. थोडे पाणी थोडा वेळ धरतात आणि सोडतात. उन्हाळ्यात हिमालय वितळू लागला आणि वर पाऊस सुरू झाला की ते लोंढे अडवायला जागा कुठे आहे? मे २०२५ मध्ये चिनाबवरच्या या धरणांचे दरवाजे बंद झाले, उघडले, तेव्हा खालचे पात्र काही दिवस आटले आणि पुन्हा फुगले. पण त्याला पाणी तोडणे म्हणत नाहीत. स्थगितीने ताबडतोब थांबले ते आकड्यांचे दळणवळण, भेटीगाठी, पाहण्या. पाणी खरेच वळवायचे तर कालवे, बोगदे, साठे हवेत, आणि त्यांना वर्षे लागतात. कदाचित एक पिढी. म्हणजे आज तहानेची धमकी आपण देतो आहोत, पण ती खरी झालीच तर तिचा हिशेब चुकता करणारी माणसे आणि तहानलेली माणसे या दोन्ही अजून पाळण्यात असतील.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले की, "पाणी आहे तिथेच जातं. आपण फक्त सांगितलं आहे की आता आम्ही बांधील नाही." तो खाली बसला. त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

आता एक गोष्ट सांगायची तर मला स्वतःची लाज बाजूला ठेवावी लागेल. मी एकदा पाणी तोडले आहे.

सातआठ वर्षे झाली असतील. आमच्या इमारतीचा मी त्या वेळी चिटणीस होतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चौदा महिने देणे थकवून बसले होते. नुसते थकवले नव्हते. जिन्यात चार माणसांदेखत त्यांनी मला चोर म्हटले होते. वैशाख होता, टँकर मागवावे लागत होते आणि टँकरचे पैसे तेवीस बिऱ्हाडांनी भरायचे नि पाणी चोविसांनी प्यायचे हा अन्याय होता, यात शंका नाही. सभा भरली, ठराव झाला. गच्चीवर जाऊन त्यांच्या नळाची चावी मी माझ्या हाताने फिरवली. फिरवताना हाताला जे बळ आले होते ते तेवीस बिऱ्हाडांच्या न्यायाचे नव्हते. मला चोर म्हटल्याचे होते.

काय झाले ते ऐका. तो गृहस्थ सकाळी सातला घर सोडी, कामाच्या ठिकाणी तोंड धुई, बाहेर जेवून रात्री दहाला परते. त्याला पहिले दोन दिवस कळलेदेखील नसावे. घरात होती त्याची अंथरुणाला खिळलेली आई आणि दहावीतली मुलगी. ती मुलगी माझीच विद्यार्थिनी. दुसऱ्या रात्री साडेअकराला मी कशाला तरी बाहेर आलो तर जिन्यात दोन बायका हंडा घेऊन अंधारात तिसरा मजला चढत होत्या. पुढची बाई तळमजल्यावरची होती. मागची माझी बायको. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती काही बोलली नाही आणि चढत गेली.

तिसऱ्या दिवशी मी चावी पुन्हा फिरवली. ठराव रद्द करायला सभा बोलावली नाही. त्या गृहस्थाने पैसे भरले ते चार महिन्यांनी, त्याची अडलेली पगाराची बाकी मिळाली तेव्हा. पाणी तोडल्यामुळे एक रुपयाही आला नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, कुठे तुमचे थकलेले टँकरचे पैसे आणि कुठे पहलगाम! ते बरोबरच आहे. त्या गृहस्थाने कोणाचा जीव घेतला नव्हता. जो देश मारेकऱ्यांना आसरा देतो, त्याने कराराच्या प्रस्तावनेतल्या सद्‌भावनेची आठवण काढू नये, हा युक्तिवाद मला पटतो. करार हा दोन हातांनी बांधलेला दोर आहे. एका हाताने गळा आवळायचा आणि दुसऱ्या हाताने पाण्याची ओंजळ पुढे करायची, हे चालणार नाही असे कोणत्याही सरकारने म्हणावे. शिवाय पहलगामच्या पुष्कळ आधी, जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, भारताने करार पुन्हा तपासण्याची रीतसर मागणी केली होती. १९६० ची लोकसंख्या राहिली नाही, वीज हवी आहे, हिमनद्या मागे हटत आहेत. साठ-पासष्ट वर्षांचा कपडा अंगाला कसा बसेल? इथपर्यंत माझी काही हरकत नाही. वेढा घालून शत्रूची रसद तोडणे हा युद्धाचा जुना मार्ग आहे आणि पानिपतावर आपल्याच लाखभर माणसांनी तो भोगला आहे. युद्धात नागरिकांची पिण्याच्या पाण्याची साधने नि पाटबंधारे यांना हात लावू नये असे १९७७ च्या जिनिव्हा येथील जादा करारात लिहिले आहे. त्यावर भारताची सही नाही, हेही सांगायला हवे.

पण आमच्या जिन्यात त्या पहाटे जे बरे वाटले ते युक्तिवादाने आलेले नव्हते. ते तडफडण्याच्या चित्राने आलेले होते. आणि त्या चित्रात कोण तडफडत होते? इस्लामाबादचा सेनापती काही हंडा घेऊन नदीवर जात नाही. मारेकऱ्यांना पैसे पुरवणाऱ्याच्या घरी पाण्याची बाटली येते. माझ्या तिसऱ्या मजल्याप्रमाणेच पाणी तुटते ते नेहमी दुसऱ्याच कोणाचे तरी.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर तर याहून अवघड आहे. पाकिस्तानातले बहुसंख्य हिंदू आजही सिंधमध्येच राहतात. थरपारकर, उमरकोट ही नावे दादांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतात. सिंधची तक्रार भारताविरुद्ध नंतरची, आधीची आपल्याच पंजाबविरुद्ध आहे. वरच्यांनी आपला वाटा पळवला असे तिथले शेतकरी किती वर्षे म्हणत आले आहेत. त्याच एप्रिलमध्ये चोलिस्तानच्या वाळवंटात नवे कालवे नेण्याच्या बेताविरुद्ध सिंधमध्ये रस्ते अडवले गेले होते आणि महिनाअखेर तिथल्या सरकारला तो बेत बाजूला ठेवावा लागला. म्हणजे पाणी कमी झाले तर वरचा पंजाब आधी आपली भर करून घेणार. तिथल्याच लष्करात पंजाबचा भरणा अधिक. आपण नेम धरणार एकावर आणि मरणार दुसरा. आणि त्या दुसऱ्यांत थरपारकरचा एखादा मेघवार किंवा कोळी, ज्याच्यासाठी आपण इकडे नागरिकत्वाचा कायदा केला.

पाणी तोडणे हे शस्त्र आपण मराठी माणसांनी पुस्तकात वाचलेले नाही, वापरलेले आहे. मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले, आणि तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना मिळेना. गुरे पीत होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांना झोडपून काढण्यात आले आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली. कोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. मला त्यातली एक गोष्ट नेहमी अस्वस्थ करते. शुद्धीसाठी घागरी ओतणारी माणसे काही कसाई नव्हती. ती आपल्यासारखी सणवार करणारी, लेकरांना फराळ देणारी, एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी काशीची कावड ओतली ती कथा भक्तीने ऐकणारी माणसे होती. आपण कोणाला तहानेने मारतो आहोत असे त्यांना वाटतच नव्हते. ते आपले फक्त नियम पाळत होते.

महाडला समोर शत्रू नव्हता, आपलीच माणसे होती, म्हणून तुलना लंगडी पडते हे मला कळते. परंतु पाणी हे लायकी तपासून द्यायचे नसते, एवढे जर आपण त्या तळ्यावर शिकलो असू, तर ते सरहद्दीपाशी विसरायचे की काय?

आणि आता आमच्या अंबरनाथचे एक गुपित सांगतो. गुपित अशासाठी की नळाखाली बादली लावणाऱ्या शंभरांतल्या पाच जणांनाही ते ठाऊक नाही. आम्ही जे पाणी पितो ते बव्हंशी उल्हास नदीचे. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून येते, काही बारवी धरणाचे, काही चिखलोलीचे. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या दगड दाखवू लागतात, मग उल्हासला वैशाखातही पाणी कुठून? ते घाटावरून येते. मावळात ठोकरवाडी येथे आंध्रा नदी अडवून टाटांनी १९२२ मध्ये धरण बांधले. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले, कर्जतजवळ भिवपुरीला खाली आणून वीज केली, मुंबईच्या गिरण्या चालवल्या, आणि वापरलेले पाणी उल्हासमध्ये सोडले. नाही तर ती आंध्रा कुठे गेली असती? इंद्रायणीला मिळून देहू-आळंदीवरून, भीमेत, आणि भीमेची चंद्रभागा होऊन पंढरपूरला. पुढे सोलापूर, कर्नाटक, तेलंगण. आपण ज्या पाण्याने दात घासतो ते विठोबाच्या पायरीशी जायचे पाणी आहे. कृष्णेच्या पाणीतंट्यात बच्छावत लवादाने टाटांच्या धरणांना दरसाल ४२.६ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा ठेवली; त्यातलाच हा वाटा. पुणे-सोलापूरकडून अधूनमधून मागणी होते, वीज काय कुठेही करता येईल, आमचे पाणी आम्हाला परत द्या. त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही. आणि त्यांनी खरेच चावी फिरवली तर कल्याण-अंबरनाथचे काय, याचाही विचार करवत नाही.

म्हणजे आम्हीही कोणाच्या तरी वरच्या अंगाला बसलो आहोत आणि कोणाच्या तरी खालच्या. वरच्या माणसाला पाणी आपले वाटते, खालच्याला हक्क वाटतो, आणि आमच्या वालधुनीने तर दोघांनाही खोटे पाडले. सन १०६० च्या शिवमंदिराला वळसा घालून वाहणारी ही नदी. तिला आम्ही कारखान्यांची मोरी केली, जीन्स धुतलेले निळे पाणी सोडले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कोणी तिच्यात विषारी रसायन ओतले तेव्हा उल्हासनगरात शेकडो माणसे रुग्णालयात गेली. पाणी हे शस्त्र आहे असे सांगणाऱ्यांनी एकदा ते कसे होते ते वडोल गावात विचारावे.

देशाचेही असेच. सिंधूवर आपण चिनाबच्या वरच्या अंगाला आहोत, ब्रह्मपुत्रेवर खालच्या. तिबेटात त्सांगपो जिथे वळण घेऊन अरुणाचलात उतरते, तिथे जुलै २०२५ मध्ये चीनने प्रचंड धरणाचे काम सुरू केले. चीनशी आपला पाणीवाटपाचा करारच नाही. २०१७ मध्ये डोकलामचा पेच होता, त्या पावसाळ्यात चीनने पुराचे आकडे पाठवले नाहीत, आणि आपण त्याला दोष दिला. देणे योग्यच होते. उद्या तिथे आपण न्यायाची भाषा बोलू, तेव्हा समोरचा चिनाबकडे बोट दाखवील. गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी १९९६ मध्ये झालेला करार तीस वर्षांच्या मुदतीचा. तेही खालच्या अंगाला बसून आपल्या हातांकडे पाहतात. हे मी भित्रेपणाने म्हणत नाही. नदीकाठच्या माणसाने फार मोठ्याने बोलू नये, असे माझी आजी म्हणत असे. पाण्यावर आवाज लांब जातो.

मग करावे काय? मी मास्तर आहे, मंत्री नाही, पण विचारलेच तर मी म्हणेन, करार फाडा अथवा नवा मांडा, पण आधी जे आपले आहे ते तरी घ्या. रावीचे पाणी १९६० पासून आपले. शाहपूरकंडीच्या बंधाऱ्याची कोनशिला १९९५ ची; पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्या आपापसांतल्या वादात तो कित्येक वर्षे रखडला आणि आपल्या हक्काचे पाणी बिनबोभाट पलीकडे वाहत राहिले. त्यासाठी कोणाला शत्रू म्हणायचे? पश्चिमेकडच्या नद्यांवर करारानेच जेवढा साठा करू दिला होता तेवढाही आपण केला नाही. हे करण्यासाठी कोणाच्या तहानेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागत नाही. सिमेंट लागते, पैसा लागतो, आणि दोन राज्यांना एका खोलीत बसवण्याचा चिवटपणा लागतो. ते काम कंटाळवाणे आहे, त्यावर जिन्यात टाळ्या पडत नाहीत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जम्मूत फार पाऊस झाला. तावी नदी फुगली. ती पुढे चिनाबला मिळते आणि पलीकडे जाते. करार स्थगित होता, सिंधु आयोगाचे दार बंद होते. तरी २४ ऑगस्टच्या सुमारास भारताने इस्लामाबादेतल्या आपल्या कचेरीमार्फत पाकिस्तानला कळवले की पूर येतो आहे, सावध राहा. मानवतेच्या भावनेने कळवतो, असे सांगितले. सिंदूर मोहिमेला उणेपुरे चार महिने झाले होते. ही बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, लहान टायपात मी वाचली. पूर म्हणजे काय हे आम्हाला शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी ही सारी गावे पाण्यात होती, आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर उतारूंसह उल्हासच्या पाण्यात उभी राहिली होती. त्या रात्री कोणी आधी सांगितले असते तर, असे आम्ही अजून म्हणतो.

मी ते वर्तमानपत्र घेऊन दादांकडे गेलो. त्यांचे चालिहोचे चाळीस दिवसांचे व्रत संपत आले होते. झुलेलाल हा पाण्याचा देव. त्याच्यासाठी पिठाचा दिवा करून पाण्यात सोडायचा असतो. सिंधु इथे नाही, म्हणून ते जे पाणी जवळ असेल त्यात सोडतात. दादा खुर्चीत बसून सुनेला पिठात तूप किती घालायचे ते सांगत होते. मी बातमी वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

मग म्हणाले, "मास्टर, हे तावीचं पाणी चिनाबमध्ये गेलं. चिनाब पुढे पंजनदला, मग सिंधूत. बरोबर?"

"बरोबर."

"मग सक्करच्या बराजला पोचायला किती दिवस?"

मला ठाऊक नव्हते. मी घरी येऊन नकाशा काढला, धाग्याने नदीची वळणे मोजली, तीन आठवडे लागावेत असा अंदाज केला आणि पुन्हा वर जाऊन त्यांना तसे सांगितले. दादांनी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून घेतले, चष्मा लावला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर पेन्सिलीने एक खूण केली.